मासेमारी बंदीनंतर पिकअप काढली, रिव्हर्स पडत नाही. क्लच सेटच गेला का?

डिचोलीचा_गाडीवाला

नमस्कार मंडळी. गाडी एक टनाची डिझेल पिकअप, पाच गिअर, हायड्रॉलिक क्लच, म्हणजे पेडलचा जोर तारेनं नाही, नळीतल्या फ्लुइडनं पोचतो. मालीम जेटीवरून मासळी आणि बर्फ उचलून डिचोली, साखळीकडे पोचवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे गाडीही जवळजवळ सगळा पावसाळा अंगणात माडाखाली उभी. मधेच कधीतरी सुरू करून बंद केली तेवढंच.

ऑगस्टमध्ये कामाला लावल्यापासून त्रास सुरू आहे. रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो, कधी पडतच नाही. पहिलाही जड जातो. क्लचचं पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ लागतं. आणि पर्वरीचा चढ भरल्या गाडीनं चढताना दम लागल्यासारखी होते, वर पोचलो की जळका वास येतो.

गॅरेजवाल्यानं एक फेरी मारून सांगितलं, क्लच सेट संपला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे. एकदा गॅरेजं बंद झाली की आठवडाभर कोणी हात लावणार नाही. उतरवू का? की आधी काही बघून घेण्यासारखं आहे?

सत्तरीचा_ड्रायव्हर

वास येतोय, चढाला दम नाही, मग क्लच प्लेटच. मी चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणतो. घाटात क्लच गेला तर मागे लागणारी रांग आणि शिव्या दोन्ही मोठ्या असतात. गिअरबॉक्स उतरवणारच तर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदम टाका. फक्त प्लेट टाकून पैसे वाचवू नका, बेअरिंगसाठी पुन्हा तीच मजुरी द्यावी लागते.

जुना_मिस्त्री

तिन्ही एकदम टाका हे बरोबर. पण उतरवायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही, जरा थांबा.

तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एका वाक्यात सांगितल्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. क्लचचे मोठे आजार दोनच. एक म्हणजे तो धरत नाही: इंजिन फिरतं, चाकाला ताकद जात नाही, आपण स्लिप म्हणतो ते. दुसरा म्हणजे तो सोडत नाही: पेडल दाबलं तरी प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या मागच्या जड चाकापासून) पूर्ण सुटत नाही, गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो आणि गिअर टाकताना दात एकमेकांवर घासतात. प्लेट झिजली तर पहिला आजार होतो. रिव्हर्स न पडणं हा दुसरा आजार, आणि त्यात नुसती झिजलेली प्लेट क्वचितच दोषी असते. रिव्हर्सच सगळ्यात आधी ओरडतो, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी कडी, नसतो. पुढच्या गिअरांना सिंक्रो सांभाळून घेतो, म्हणून तिथे फक्त जड लागतं.

दोन्ही आजार एकाच वेळी एकाच गाडीला? होतं कधी कधी. पण माझा अनुभव असा की असं दिसलं की त्यातलं एक दुखणं क्लचचं नसतंच.

पाना न लावता हे बघा.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्ससकट. बंद इंजिनावर लोण्यासारखे पडले आणि चालू इंजिनावर अडले, तर गिअरबॉक्स आतून ठीक, क्लच सोडत नाही. बंद असतानाही अडले तर गिअर लिव्हरची जोडणी किंवा गिअरबॉक्स.

मग इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद तसाच धरा आणि मग रिव्हर्स. थांबल्यावरही घासला तर प्लेट सुटत नाही हे नक्की. लगेच पुढे, पेडल भराभर चार-पाच वेळा पंप करून दाबून धरा आणि पुन्हा रिव्हर्स टाका. पंप केल्यावर सरळ पडला तर गिअरबॉक्सला हात लावू नका, दुखणं हायड्रॉलिकमध्ये आहे. हवा असेल, गळती असेल, नाहीतर सिलिंडरचे रबर गेले असतील.

स्लिपसाठी: गाडी भरलेली, रस्ता मोकळा, चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास, आणि चढावर ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज वर पळाला आणि वेगाचा काटा तिथंच राहिला तर स्लिप. आवाज आणि वेग दोन्ही बरोबरच, पण मंदपणे वाढले, तर क्लच धरतो आहे. मग चढाला दम का नाही ते दुसरीकडे शोधायचं.

करून सांगा. आणि फ्लुइडच्या डब्यात किती आहे तेही.

नदीपलीकडे

हँडब्रेक लावून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला, अशीही एक टेस्ट करतात ना? आमच्या चोडणला सगळे तीच सांगतात.

जुना_मिस्त्री

करतात. पण ती मेलेला क्लच पकडते, आजारी नाही. रिकाम्या गाडीत आयडलवर इंजिनाला जोर किती असणार? अर्धा झिजलेला क्लचही तेवढं धरतो आणि इंजिन बंद पाडतो. माणूस खूश होऊन घाटात जातो. इंजिन बंद नाही पडलं तर मात्र निकाल लागला. करायचीच तर सपाटीवर, गाडीपुढे कोणी उभं नसताना, ब्रेक दाबून, आणि एकदाच. पुन्हा पुन्हा करून पाहिलीत तर उरलेली प्लेट त्यातच जाळाल.

नदीपलीकडे

बरं. आमच्याकडे क्लच खाण्याचं काम रायबंदरची फेरी करते. रांगेत उतारावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात, मग रॅम्पवरून चढवताना पुन्हा हाफ क्लच. हँडब्रेक नावाची वस्तू गाडीत आहे हे लोक विसरले आहेत.

बेळगाव_भाजी

डिचोलीवाले दादा, गाडी पावसाळाभर उभी होती म्हणालात. एक शक्यता कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दमट हवेत बरेच दिवस उभ्या गाडीची क्लच प्लेट गंजानं फ्लायव्हीलला चिकटते. आमच्या काकांच्या ट्रॅक्टरला दर पावसाळ्यानंतर होतं.

पण तेव्हा "जड जातो, कधी पडत नाही" असं होत नाही. चालू इंजिनावर एकही गिअर पडत नाही, आणि गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून स्टार्टर मारला तर गाडी उडी मारते. पंप करा नाहीतर करू नका, काही फरक नाही. एकदा सुटली की सुटली. तुमचं रोज थोडं थोडं चालू आहे, म्हणून मला तरी ते वाटत नाही.

जुना_मिस्त्री

मुद्दा चांगला काढलात. चिकटलेली प्लेट सोडवायची रीत: इंजिन चांगलं गरम करून बंद करायचं, मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबून सेल्फ मारायचा. गाडी निघाली की क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबायचा, सोडायचा. दोन-तीन झटक्यांत सुटते. रस्त्यावर हा उद्योग करायचा नाही, गाडी थांबवायला ब्रेक आणि चावी एवढंच हातात असतं. आणि पावसाळ्यात उभी ठेवायचीच तर मधेमधे नुसतं इंजिन चालू करून भागत नाही. अंगणातल्या अंगणात गाडी पुढे-मागे घ्या, म्हणजे क्लच आणि ब्रेक दोन्ही हलतात.

पेडण्याची_वाट

धाग्यात घुसतो, माफ करा. माझी पिकअप चिरे वाहते. पहिल्यात सुटताना सगळी गाडी थरथरते, दुसऱ्यात गेलो की काही नाही. स्लिप नाही, गिअर छान पडतात. हीसुद्धा प्लेट का?

सत्तरीचा_ड्रायव्हर

@पेडण्याची_वाट प्लेटवर ऑइल आलं असेल. इंजिनाच्या मागच्या क्रँक सीलमधून नाहीतर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कव्हरच्या) खाली ओलं आहे का बघा. ऑइल लागलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवणारे आहेत, चालत नाही ते. अस्तरात मुरलेलं ऑइल गरम झालं की पुन्हा वर येतं.

जुना_मिस्त्री

@पेडण्याची_वाट खाली ओलं नसेल तर आधी इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बघा. एकजण ब्रेक दाबून गाडीत, पहिला गिअर टाकून क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडेल. दुसरा बाजूला उभा राहून बॉनेटखाली बघेल. गाडीच्या पुढे कोणी उभं राहायचं नाही. इंजिन एका बाजूला उचललं जाऊन आपटत असेल तर माउंटिंगचा रबर फाटला. चिरे वाहणाऱ्या गाडीत तो फाटतोच. तिथेही काही नसेल, तर फ्लायव्हीलवर गरम होऊन पडलेले निळे डाग, किंवा प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा सैल. ते मात्र उतरवल्याशिवाय कळत नाही.

डिचोलीचा_गाडीवाला

सगळं करून बघितलं. क्रमानं लिहितो.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात. चालू केल्यावर पाच सेकंद थांबूनही रिव्हर्स घासतो. पंप केल्यावर एकदम सरळ पडला! तसाच पेडल दाबून धरला तर थोड्या वेळानं गाडी हळूच मागे सरकायला बघते.

फ्लुइडचा डबा खालच्या खुणेच्याही खाली होता. रंग काळपट चहासारखा. माझ्या गाडीत ब्रेकला आणि क्लचला एकच डबा आहे.

चौथ्या गिअरची टेस्ट पर्वरीच्या चढावर केली, पहाटे रस्ता मोकळा असताना. इंजिनाचा आवाज पळत नाही. वेग वाढतो पण जड वाढतो, कोणी मागून धरून ठेवल्यासारखा. वास मात्र आलाच.

सत्तरीचा_ड्रायव्हर

मग प्लेट नाही. मी माझं म्हणणं मागे घेतो, मिस्त्रीकाका जिंकले.

जुना_मिस्त्री

जिंकण्यासारखं काही नाही, अजून गाडीखाली कोणी गेलेलं नाही.

डबा एकच आहे म्हणालात, तर पहिली गोष्ट: फ्लुइड गेलं कुठं हे कळेपर्यंत गाडी भरून बाहेर काढू नका. बऱ्याच गाड्यांत क्लचची नळी डब्याला वरच्या बाजूनं जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं फ्लुइड खाली उरतं. पण गळती क्लचचीच आहे हे आपण अजून पाहिलेलं नाही.

तीन जागा बघा. केबिनमध्ये क्लच पेडलच्या वर, जिथे पेडलचा रॉड पुढच्या पत्र्यात शिरतो, तिथे बोट फिरवा. ओलं, चिकट लागलं तर मास्टर सिलिंडर (पेडलकडचा, फ्लुइड ढकलणारा) मागून गळतो, पायाखालची मॅटही बघा. मग गाडीखाली, गिअरबॉक्सच्या बाजूला खालचा सिलिंडर असतो. त्याच्या टोकाचा रबरी बूट हळूच मागे सारा. आत कोरडी धूळ असेल तर ठीक, फ्लुइड निघालं तर चोर सापडला. मग चारही चाकं आतल्या बाजूनं.

कुठेच ओलं नाही आणि तरी पंप करावा लागतो, तर मास्टर आतल्या आत बायपास करतो. रबर झिजला की फ्लुइड पुढे ढकललं न जाता मागे निसटतं. पेडल दाबून धरल्यावर गाडी सरकते म्हणालात, म्हणजे दाब टिकत नाही. हे गळतीनंही होतं आणि बायपासनंही.

खाली असतानाच कोणाला तरी पेडल दाबायला सांगा. खालच्या सिलिंडरचा रॉड फोर्कला (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांडीला) किती ढकलतो ते बघा. पंप न करता आणि पंप करून, दोन्हीतला फरक डोळ्यांना दिसेल. रबरी नळीवरही हात ठेवा. दाबल्यावर ती फुगत असेल तर अर्धा जोर तिच्यातच जातो.

वासाचं: क्लचचा आणि ब्रेकचा जळका वास नाकाला जवळपास सारखाच. ब्रेक फारसा न मारता काही किलोमीटर चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. लावू नका, नुसती जवळ न्या.

नदीपलीकडे

नळीवरून आठवलं. भावाच्या गाडीचं उलटं झालं होतं, पेडल सोडल्यावर क्लच धरायला वेळ लागायचा आणि गाडी स्लिप व्हायची. प्लेट बदलली तरी तेच. शेवटी नळी आतून सुजून बंद झाली होती, फ्लुइड परत येत नव्हतं.

जुना_मिस्त्री

हो, हायड्रॉलिकमुळे स्लिप होण्याचा तो एक प्रकार. ओळखायचा असा: गाडी स्लिप होत असतानाच थांबवा आणि खालच्या सिलिंडरचा ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) जरा सैल करा. फ्लुइड पिचकारीसारखं उडालं आणि क्लच लगेच धरायला लागला, तर दाब नळीत किंवा मास्टरमध्ये अडकला होता. प्लेट निर्दोष. फ्लुइड डोळ्यांत आणि रंगावर जाऊ देऊ नका, रंग उचलतो.

डिचोलीचा_गाडीवाला

खालच्या सिलिंडरचा बूट मागे सारला आणि फ्लुइड हातावर आलं. गिअरबॉक्सवर धूळ आणि फ्लुइडचा चिखल झालेला, वरून पावसाचं पाणी, म्हणून बाहेरून काही कळत नव्हतं. पेडलकडे वर कोरडं. चाकं आतून कोरडी.

आणि मागचं डावं चाक! उजव्याजवळ हात सहज धरता येतो, डाव्याजवळ नाही. पाणी शिंपडलं तर चर्र झालं. जॅकवर घेतलं तर हातानं फिरता फिरत नाही. हँडब्रेकची केबल गंजून आतच धरून बसली आहे, लिव्हर खाली केली तरी सोडत नाही.

म्हणजे चढाला दम नव्हता तो यामुळे?

बेळगाव_भाजी

यामुळेच. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली की केबल आणि ड्रम दोन्ही धरतात. सपाट अंगणात गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा आणि हँडब्रेक सोडून ठेवायचा. आमच्या गल्लीत सगळे तसंच करतात.

पेडण्याची_वाट

खालच्या सिलिंडरला नुसतं रबर किट टाकायचं की अख्खा सिलिंडर? किट स्वस्त पडतं.

जुना_मिस्त्री

सिलिंडर खोलून आतून पुसा आणि नख फिरवा. नख कुठेही अडकलं नाही, आत आरशासारखं गुळगुळीत, तर किट चालेल. खड्डे किंवा गंजाचे डाग असतील तर नवा रबर त्यावर घासून लवकरच पुन्हा गळेल. काहीजण पॉलिश पेपर मारून देतात. त्यानं बोअर मोठा होतो, मला ते पटत नाही. गोव्याच्या हवेत, जुन्या काळ्या फ्लुइडवर चाललेल्या सिलिंडरमध्ये खड्डे असणारच असं धरून चाला आणि अख्खाच घ्या.

खड्डे पडतात ते फ्लुइडमुळे. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषलेलं १४० लाही. आणि तीच ओल आतून गंज चढवते. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, काळं झालं नसलं तरी.

फ्लुइड कोणतं ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीचे. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. आणि कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. सगळे रबर फुगून क्लच आणि ब्रेक एकाच वेळी जातात.

डिचोलीचा_गाडीवाला

हवा काढायची कशी? पेडल परत येत नाही म्हणतात.

जुना_मिस्त्री

दोन माणसं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत फ्लुइडखाली बुडवलेलं. वरचा माणूस पेडल खालपर्यंत दाबून धरतो आणि ओरडतो "दाबला". खालचा निपल उघडतो, फ्लुइड आणि बुडबुडे येतात, निपल बंद करतो आणि ओरडतो "सोड". मगच पेडल सोडायचं. पेडल खालीच राहिलं तर पायानं नाहीतर हातानं वर उचला, सुरुवातीला राहतंच. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि मधेमधे डबा भरत राहा. डबा रिकामा होऊन हवा आत गेली तर पहिल्यापासून, आणि तुमच्यात ब्रेकचा डबाही तोच आहे. एकटे असाल तर डबा भरून, झाकण सैल करून, निपल उघडा ठेवून थेंब थेंब येऊ द्या. वेळ लागतो, पण हवा निघते.

मागच्या चाकाला केबल नवी टाका, तेल घालून भागवू नका. ड्रम उघडा आणि लायनर (ब्रेकचं अस्तर) बघा, एवढं तापल्यावर काचेसारखं चकचकीत झालं असेल तर बदला. डावं बदललं तर उजवंही, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

डिचोलीचा_गाडीवाला

झालं काम. सिलिंडर खोलला तर आत खड्डे होतेच, अख्खा बदलला. नळीही बदलली, वरून तडे दिसत होते. जुनं फ्लुइड सगळं काढलं, ब्रेकचंही. हँडब्रेकची केबल नवी, मागचे लायनर दोन्ही बाजूंचे. रिव्हर्स आता एका बोटानं पडतो. मालीमहून भरून आलो, पर्वरीचा चढ तिसऱ्यात आरामात. गिअरबॉक्स उतरवला नाही. गॅरेजवाला अजून म्हणतो, प्लेट सहा महिन्यांत जाणारच.

एक शंका उरली. क्लचवर हलकासा पाय ठेवला की बारीक सूं आवाज येतो, पूर्ण दाबला तरी राहतो, सोडला की बंद.

जुना_मिस्त्री

दाबल्यावर येतो तो रिलीज बेअरिंगचा. उलटं असतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग म्हटलं असतं, आणि ते महाग पडलं असतं. बारीक सूं असेल तर आज उतरवू नका, तसं बरंच चालतं. खरखर सुरू झाली किंवा पेडलला पायाखाली थरथर लागली की मग उतरवा, आणि तेव्हा सत्तरीवाले म्हणाले तसं तिन्ही टाका. फ्लायव्हीलवर चरे असतील तर लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या. गाडी ड्युअल मास फ्लायव्हीलची (दोन भागांच्या, मधे स्प्रिंगा असलेल्या) असेल तर मात्र लेथवर नेऊ नका.

तोवर डब्यावर आजची पातळी मार्करनं आखून ठेवा आणि दर आठवड्याला बघा. खालचा सिलिंडर नवा झाला की जोर आता जुन्या मास्टरवर येतो. पातळी उतरली तर आधी पेडलच्या वर बोट फिरवा.

पेडण्याची_वाट

माझं माउंटिंगच निघालं, गिअरबॉक्सखालचा रबर दोन तुकडे. बदलल्यावर थरथर बरीच गेली, पूर्ण नाही. रिकामी असताना अजिबात नाही, चिरे भरले की पहिल्यात थोडी.

जुना_मिस्त्री

इंजिनाचे दोन राहिले ना, तेही बदला. एक फाटला की बाकीच्यांवर ओढ येते. त्यानंतरही राहिली तर बोलू.